वर्गातल्या मुलाने विश्वासाने सांगितलं, प्राचार्य म्हणतात पालकांना बोलवा. काय करू?

घटनेचा_तास (२२ जुलै २०२४)

नमस्कार. जिल्ह्याच्या गावच्या एका अनुदानित विधी महाविद्यालयात शिकवते. घटना आणि कौटुंबिक कायदा हे माझे हक्काचे विषय. यंदा १ जुलैपासून जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि तासिका तत्त्वावरच्या सरांनी नेमका आत्ताच काढता पाय घेतला, त्यामुळे फौजदारीचा पेपरही माझ्या गळ्यात आला.

तर फळ्यावर जुन्या-नव्या कलमांचा तक्ता करत होते. ३०२ समोर १०३, ४२० समोर ३१८, ४९८-अ समोर ८५. ३७७ समोर, म्हणजे समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या जुन्या कलमासमोर, आडवी रेघ मारली; संहितेत त्याच्या जोडीचं कलमच नाही. मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, म्हणजे आता सगळंच चालतं?" वर्ग खिदळला. मग तक्ता राहिला बाजूला आणि मी सुप्रीम कोर्टाचा नवतेज जोहर निकाल घेतला. ६ सप्टेंबर २०१८, पाच न्यायमूर्ती, एकमत. त्या निकालाने ३७७ अख्खं पुसलं नव्हतं. सज्ञान माणसांचे संमतीचे संबंध तेवढे बाहेर काढले, संमती नसलेल्या प्रकारांसाठी कलम शिल्लकच होतं. संहितेने तेही ठेवलं नाही. बलात्काराचं ६३ फक्त स्त्रीच्या बाबतीत लागतं. मग पुरुषावर किंवा ट्रान्स व्यक्तीवर अत्याचार झाला तर पोलिसाने कुठलं कलम लावायचं, असं विचारल्यावर हसू थांबलं.

संध्याकाळी तिसऱ्या वर्षाचा एक मुलगा स्टाफरूमच्या दाराशी घुटमळत होता. वय वीस. तो गे आहे. हॉस्टेलच्या खोलीतल्या मुलांनी त्याचा मोबाइल उघडून चॅट वाचले. तेव्हापासून त्याची गादी व्हरांड्यात असते, वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्याला एक नाव पडलंय ते इथे लिहिणार नाही. त्याला तक्रार करायची नाही. दोनच गोष्टी हव्यात: खोली बदलून, आणि घरी कळता कामा नये. वडील गावी सोसायटीचे सचिव आहेत, थोरल्या बहिणीचं लग्न ठरतंय.

प्राचार्यांशी बोलले. सर वाईट माणूस नाहीत. पण म्हणाले, "मॅडम, पालकांना बोलवा. उद्या पोराने जिवाचं काही करून घेतलं तर तुम्ही आणि मी आत. आणि एखाद्या चांगल्या डॉक्टरकडे पाठवा, अजून वय गेलेलं नाही." शेवटी, "अहो, वकिलांच्या बार काउन्सिलनेच ठराव केलाय या लोकांच्या विरोधात, आपण कोण?"

इंटरनेटवर बघितलं तर हैदराबादच्या नालसार विधी विद्यापीठात २०२२ साली मुलींच्या एका हॉस्टेलचा तळमजला एलजीबीटी विद्यार्थ्यांसाठी ठेवला, सर्वांना वापरता येईल असं स्वच्छतागृह केलं. वाचायला छान वाटतं. आमच्याकडे हॉस्टेल म्हणजे एक इमारत, एक रेक्टर आणि संध्याकाळी सातला जाणारं पाणी. अशा कॉलेजात काय करता येतं? कोणी केलंय का? कायद्यातली नेमकी जागा दाखवलीत तर सरांशी बोलायला बळ येईल.

स्पष्टवक्ता_६८

मॅडम, स्पष्ट बोलतो. कॉलेज शिकण्यासाठी असतं. ज्याने त्याने आपलं खाजगी घरी ठेवावं. आमच्या काळी असले प्रश्न नव्हते.

खालचं_कोर्ट

६८ काका, त्या मुलाने खाजगी ते खाजगीच ठेवलं होतं. मोबाइल दुसऱ्यांनी उघडला. आणि तुमच्या काळी प्रश्न नव्हते असं नाही, उत्तर द्यायला कोणी थांबत नव्हतं.

मॅडम, आधी एक विचारतो: प्राचार्यांना त्याचं नाव सांगितलंत का? नसेल, तर सांगू नका. बाकीचं सगळं यानंतर.

मी पुण्यात वकिली करतो, बहुतेक शिवाजीनगर कोर्टात. मीही गे आहे. बार रूममध्ये चारपाच जणांना माहीत आहे, अशिलांना नाही. माझं लॉ कॉलेज दोन निकालांच्या मधे गेलं. जुलै २००९ मध्ये दिल्ली हायकोर्टाचा नाझ फाउंडेशनचा निकाल आला, सज्ञानांच्या संमतीच्या संबंधांना ३७७ लागू नाही म्हणणारा, तेव्हा मी पहिल्या वर्षाला नुकताच लागलो होतो. पाचव्या वर्षाला असताना, ११ डिसेंबर २०१३ ला, सुप्रीम कोर्टाने कौशल प्रकरणात तो फिरवला. न्यायमूर्ती सिंघवींचा निवृत्तीचा दिवस. निकालात लिहिलं होतं की समलिंगी लोक देशाच्या लोकसंख्येचा अगदी नगण्य हिस्सा, आणि दीडशे वर्षांत दोनशेहून कमी खटले झालेत. त्या वेळी आमच्या तोंडी परीक्षा चालू होत्या. परीक्षकांनी विचारलं, "३७७ घटनात्मक आहे का?" मी म्हणालो, "आहे, सर." पूर्ण गुण मिळाले. कायद्याच्या दृष्टीने उत्तर बरोबरच होतं.

माझ्या हॉस्टेलला एका वर्षाने पुढचा मुलगा होता. मूट कोर्टला, म्हणजे सराव-खटल्यांच्या स्पर्धेत, कॉलेजच्या टीममध्ये, इंग्रजी असं की समोरचे गार. त्याचं असंच उघडकीला आलं आणि रेक्टरांनी, अगदी काळजीपोटी, वडिलांना फोन केला. दुसऱ्या दिवशी दुपारी वडील आणि काका जीप घेऊन आले. पेटी, गादी, कायद्यांची पुस्तकं सगळं जीपमध्ये गेलं. परीक्षेला तो आला नाही. नंतर कळलं, दुकानावर बसतो. त्याच्या बॅचचे दोघे आज न्यायाधीश आहेत. त्या फोनसाठी रेक्टरांना कोणी जाब विचारला नाही, कारण फोन करणं हे कर्तव्यच मानलं गेलं.

म्हणून तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर एका ओळीचं आहे. कॉलेजने बाकी काही करो न करो, घरी फोन करू नये. झेंडे, क्लब, पथनाट्य झालं तर उत्तमच. पण ज्या कॉलेजात झेंडा आहे आणि रेक्टरच्या हातात पालकांचा नंबरही आहे, तिथे पोरं झेंड्याजवळ फिरकणारसुद्धा नाहीत.

आता सरांच्या तिन्ही मुद्द्यांचं.

बार काउन्सिल. एप्रिल २०२३ चा तो ठराव होता समलिंगी विवाहाच्या सुनावणीबद्दल. हे प्रकरण कोर्टाने नको, संसदेने बघावं, आणि ९९.९ टक्क्यांहून जास्त लोक विरोधात आहेत, असं म्हटलं होतं. हा आकडा मोजला कोणी, देव जाणे. कॉलेजने विद्यार्थ्याशी कसं वागावं याबद्दल त्यात अवाक्षर नाही. तीसहून जास्त लॉ स्कूलांतल्या विद्यार्थी गटांनी एकत्र येऊन त्याचा जाहीर निषेध केला होता, तेही सरांच्या कानावर घाला. आणि सुप्रियोचा निकाल, १७ ऑक्टोबर २०२३ चा, विवाहाचा हक्क नाकारणारा असला तरी नवतेजला त्याने धक्का लावलेला नाही. सरांनी दोन्ही एकत्र कालवलंय.

डॉक्टर. मुलगा खचला असेल, झोप उडाली असेल, तर समुपदेशक जरूर. पण "बदलण्यासाठी" नाही. मद्रास हायकोर्टाने जून २०२१ मध्ये एस. सुषमा प्रकरणात असल्या उपचारांवर बंदी घाला म्हणून सांगितलं आणि २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने तो व्यावसायिक गैरवर्तनाचा प्रकार ठरवला. त्या प्रकरणातली एक गोष्ट मला फार आवडते. न्यायमूर्ती आनंद वेंकटेश यांनी आदेशातच लिहिलं की या विषयातलं आपलं ज्ञान अपुरं आहे, आणि निकाल देण्याआधी स्वतः मानसशास्त्रज्ञाकडे बसून शिकून घेतलं. हायकोर्टाचा न्यायमूर्ती हे करू शकतो तर प्राचार्यांना कसला कमीपणा? मानसिक आरोग्य कायदा २०१७ चं कलम १८ पण काढून ठेवा, उपचारात लैंगिक कलावरून, म्हणजे कोणाबद्दल ओढ वाटते त्यावरून, भेदभाव चालत नाही असं तिथे छापलंय.

"आपण आत जाऊ." पोरगा वीस वर्षांचा आहे. सज्ञान. खाजगीपणाच्या हक्काचा सुप्रीम कोर्टाचा पुट्टस्वामी निकाल, २४ ऑगस्ट २०१७: लैंगिक कल हा खाजगीपणाचा गाभ्यातला भाग. आणि ताजं हवं असेल तर याच मार्चमधला देवू नायर विरुद्ध केरळ. सुप्रीम कोर्टाने हायकोर्टांना बजावलंय की सज्ञान व्यक्तीची इच्छा विचारताना तिच्यावर आईवडिलांचा दबाव येणार नाही अशी व्यवस्था करा, आणि समुपदेशनाच्या नावाखाली तिचा कल बदलायला जाऊ नका. घर हेच सगळ्यात सुरक्षित ठिकाण, असं कोर्टसुद्धा आता गृहीत धरत नाही.

अपवाद सांगतो, नाहीतर कोणी म्हणेल वकील एकच बाजू सांगतो. पाच वर्षांच्या कोर्सला पहिल्या वर्षाची काही मुलं सतरा वर्षांची असतात. त्यांच्यावर लैंगिक अत्याचार झाला असेल तर पोक्सोचं, म्हणजे बालकांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याचं, कलम १९ आहे, माहिती द्यावीच लागते. नुसतं गे असणं हा अत्याचार नव्हे, त्याची माहिती कोणाला देण्याचा प्रश्नच येत नाही. आणि जिवाला खरोखर धोका दिसत असेल तर फोन करावाच, पण मुलाला विचारून, त्याने सांगितलेल्या माणसाला. मावशी असेल, मामेभाऊ असेल. वडीलच असं कुठे लिहिलंय?

घटनेचा_तास

नाव सांगितलेलं नाही. "एक विद्यार्थी" एवढंच. सर रोज विचारतात.

जीपचं वाचून पोटात गोळा आला. मुलगा काल तासाला आला होता, पहिल्या बाकावर. पण खोलीचं काय? रॅगिंगची तक्रार केली तर खोली लगेच बदलेल, पण त्याला तक्रार नको आहे. काय लिहून देऊ?

खालचं_कोर्ट

रॅगिंगमध्ये हे शंभर टक्के बसतं. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, रॅगिंगविरोधी २००९ च्या विनियमांत २०१६ साली दुरुस्ती झाली आणि लैंगिक कल किंवा ट्रान्स असण्यावरून केलेला छळ, वाळीत टाकणंसुद्धा, रॅगिंगच्या व्याख्येत आलं. गादी व्हरांड्यात टाकणं याहून वेगळं काय असतं? महाराष्ट्राचा १९९९ चा कायदा आहेच, लेखी तक्रार आली की प्राचार्यांनी सात दिवसांत चौकशी करायची. तक्रार शिक्षकही देऊ शकतो.

पण थांबा. फाइल एकदा उघडली की तिला पाय फुटतात. समिती, जबाब, कदाचित पोलीस, आणि समोरच्या मुलांचे पालक. त्या पालकांपैकी एकाने जरी याच्या घरी फोन फिरवला तर संपलं. मुलाला हा रस्ता नीट समजावून सांगा आणि निर्णय त्याच्यावर सोडा. तोपर्यंत खोली बदलायला तक्रार लागतेच कुठे? रेक्टरला "अभ्यासाला शांतता हवी" या एका अर्जावर खोली बदलता येते. असे अर्ज दरवर्षी येत असतील.

हजेरी_क्र_४७

नमस्कार मॅडम. मी विदर्भातल्या एका लॉ कॉलेजात एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला आहे, ट्रान्स स्त्री. दादांनी वर लिहिलं ते बरोबरच आहे, पण ते सगळं लपवता येणाऱ्यांचं आहे. आमचं काय? मी वर्गात शिरले की सगळ्यांना दिसतेच. माझा प्रश्न हजेरीपासून सुरू होतो.

पहिल्या वर्षाला सर रोज जुन्या नावाने हाक मारायचे. मी "प्रेझेंट सर" म्हटलं की वर्ग मागे वळून बघायचा, म्हणून मी हजेरीलाच जाणं सोडलं आणि मग उपस्थिती कमी म्हणून फॉर्म अडला. कोणाचा वाईट हेतू नव्हता, मस्टरवर जे छापलंय ते वाचत होते. दुसऱ्या सत्रात एका मॅडमनी काय केलं, तर अख्ख्या वर्गाची हजेरी नावाने घेणं बंद करून क्रमांकाने सुरू केली. चर्चा नाही, भाषण नाही. मी सत्तेचाळीस. ना परवानगी लागली ना पैसा. मॅडम, तुम्ही उद्यापासून करू शकता.

कागदपत्रांचं सांगते, कारण तुमच्याकडे उद्या माझ्यासारखी कोणी आली तर कॉलेजच्या क्लार्कला माहीत नसणार. २०१९ चा ट्रान्सजेंडर व्यक्तींचा कायदा १० जानेवारी २०२० पासून लागू आहे, त्याचे नियम २०२० चे. केंद्र सरकारच्या पोर्टलवर अर्ज करायचा, सोबत प्रतिज्ञापत्र जोडायचं, जिल्हा दंडाधिकारी प्रमाणपत्र आणि ओळखपत्र देतात. डॉक्टरी तपासणी नाही. मला एका टेबलावर "मेडिकल कुठंय" म्हणून परत पाठवलं, तेव्हा मी नियमांची प्रिंट काढून नेली आणि त्या ओळीखाली लाल रेघ मारून समोर ठेवली. लॉ करत असल्याचा झालेला पहिला फायदा. शस्त्रक्रियेनंतर स्त्री किंवा पुरुष अशी नोंद हवी असेल तर मात्र कलम ७ चा वेगळा अर्ज असतो, तिथे रुग्णालयाचा दाखला लागतो.

हे प्रमाणपत्र दाखवलं की इतर कागदपत्रांत पंधरा दिवसांत बदल करून द्यायचा, असं नियम म्हणतात. माझ्या मार्कशीटला त्याहून कितीतरी जास्त वेळ लागला. मधल्या काळात परीक्षा आली. हॉल तिकिटावर जुनं नाव, जुना फोटो, आणि बाकावर मी साडी नेसून. भरारी पथक आलं. पेपर अर्धा झालेला, आणि ते मला उठवून बाहेर नेऊन विचारतायत, "तू कोणाच्या जागेवर बसलीस?" वीस मिनिटं गेली, वर्गाने बघितलं ते वेगळंच. पुढच्या परीक्षेला आमच्या प्राचार्यांनी केंद्रप्रमुखांना आधीच बंद पाकिटात पत्र दिलं, सोबत प्रमाणपत्राची प्रत. कोणी हटकलं नाही. असं पत्र द्यायला हवं हे त्यांना मीच सुचवलं होतं. कॉलेजला आपणहून सुचलं असतं तर बरं झालं असतं.

मूटचा ड्रेस, कोर्ट व्हिजिटचा ड्रेस, हे पण आधी ठरवून टाका. बार काउन्सिलच्या नियमांत पोशाखाचे दोनच रकाने आहेत, पुरुष वकील आणि महिला वकील. विद्यार्थिनी कुठल्या रकान्यात ते तिला विचारा, गेटवर ठरवू नका.

आणि लोक म्हणतात, वकील होऊन करणार काय, कोर्टात कोण उभं करणार. तामिळनाडूत २०१८ मध्ये सत्यश्री शर्मिला यांनी सनद घेतली. आमच्या नागपुरात त्याच वर्षी विद्या कांबळे लोकअदालतीच्या पॅनेलवर बसल्या. मी तेव्हा बारावीत होते, पेपरातलं कात्रण अजून आहे.

स्पष्टवक्ता_६८

क्रमांक ४७, परीक्षेचं वाचलं. पेपर चालू असताना उठवणं चूकच. वेळ वाढवून दिला का?

हजेरी_क्र_४७

नाही काका. पास झाले तरी.

आस्थापना_विभाग

विद्यापीठाच्या कार्यालयात आयुष्य गेलं, आता निवृत्त. मॅडम, तुम्ही आणि वकीलसाहेब न्यायाधीशासमोर मांडावं तसं मांडताय. प्राचार्य म्हणजे काही न्यायाधीश नव्हे. उद्या संस्थाचालकांनी विचारलं तर दाखवायला कागद आहे का, एवढंच ते बघतात. तो कागद त्यांच्या हाती द्या, फोन आपोआप थांबेल.

नवा कक्ष, नवा क्लब असलं काही मागू नका. नवं म्हटलं की ते महाविद्यालय विकास समितीपुढे जातं, तिथे संस्थेचा सचिव बसलेला असतो, आणि विषय पत्रिकेवर येताच गावभर होतो. जे आधीपासून आहे त्यातच बसवा. अंतर्गत तक्रार समिती तुमच्याकडे असेलच. तिच्यासाठी यूजीसीचे जे २०१५ चे विनियम आहेत, त्यांच्या नावात "महिला कर्मचारी व विद्यार्थिनी" असलं तरी आत पुरुष विद्यार्थी आणि तृतीयपंथी विद्यार्थ्यांचाही उल्लेख आहे. तुम्ही वर म्हणालात ना की संहितेत पुरुषासाठी कलमच उरलं नाही? मग कॉलेजच्या पातळीवर त्याला हीच एक खिडकी आहे. समितीच्या सदस्यांना ती माहीत आहे का ते बघा. नसणार. ट्रान्स विद्यार्थ्यांसाठी २०२० च्या नियमांत शैक्षणिक संस्थेत समिती असावी असं आहेच, आणि २०१९ च्या कायद्याच्या कलम ११ प्रमाणे तक्रार अधिकारी नेमावा लागतो. तो कागदावर तरी नेमलाय का, हे सरांना नॅकच्या, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या परिषदेच्या, नावाने विचारा. सातव्या निकषात लिंगभाव समानतेचे गुण आहेत. नॅक म्हटलं की प्राचार्य उठून बसतात.

आणि मुख्य गोष्ट, गोपनीयतेचा आदेश. त्यात समलिंगी, गे, एलजीबीटी यातला एकही शब्द घालू नका. असं लिहा: "सज्ञान विद्यार्थ्याची आरोग्य, नातेसंबंध अथवा खाजगी जीवनाविषयीची माहिती त्याच्या लेखी संमतीशिवाय पालकांसह कोणत्याही त्रयस्थास देऊ नये. जीवितास तातडीचा धोका असल्यास विद्यार्थ्याने नमूद केलेल्या व्यक्तीस कळवावे." प्रवेश अर्जातच "तातडीच्या प्रसंगी कोणाला कळवावे" असा रकाना ठेवा, पालकाव्यतिरिक्त. हा आदेश जातीबाहेरच्या मुलावर प्रेम करणाऱ्या मुलीलाही लागू पडतो, एचआयव्हीची औषधं घेणाऱ्या मुलालाही. त्यावर कोणी हरकत घेणार नाही, कारण हरकत घ्यायची कशाला हेच त्यांना कळणार नाही. मी असे तीन-चार आदेश साहेबांच्या सहीसाठी ठेवलेत, एकही अडला नाही.

खालचं_कोर्ट

आस्थापना साहेब, मसुदा झकास आहे, पण मला तो पुरत नाही. शब्दच नसेल तर व्हरांड्यात झोपणाऱ्या पोराला कसं कळणार की हा आदेश आपल्यासाठी आहे? मी कॉलेजात असताना सूचना फलकावर गॅस कनेक्शनपासून रक्तगटापर्यंत सगळं वाचायचो. कुठेतरी एकदा तो शब्द छापलेला दिसावा, शिवी म्हणून नव्हे तर नुसता नियमात, एवढीच माझी हौस होती. दिसला नाही. तुमच्या पद्धतीने संस्थाचालक शांत राहतात हे खरं, पण त्यांच्यासोबत मुलंही अंधारातच राहतात.

आस्थापना_विभाग

हौस समजली. पण शब्द घालून आदेश अडला तर पोराला ना शब्द मिळेल ना खोली.

हजेरी_क्र_४७

दोघांचंही खरंय. यूजीसीचा रॅगिंगचा मजकूर तर दरवर्षी फलकावर लावावाच लागतो ना? २०१६ ची दुरुस्ती त्यात टाका. तिथे शब्द यूजीसीनेच छापलाय, कॉलेजला स्वतःचं काही लिहावं लागत नाही. आमच्याकडे फलकावर अजून २००९ चाच जुना कागद आहे, दुरुस्तीच्या आधीचा.

आस्थापना_विभाग

हे मला सुचायला हवं होतं. जरूर लावा. मराठीत लावा, आणि हॉस्टेलच्या जिन्यातही.

घटनेचा_तास (३ ऑगस्ट)

सगळ्यांचे आभार. झालं ते सांगते.

मुलाला आधी रॅगिंगच्या तक्रारीचा रस्ता समजावला. तो म्हणाला, बहिणीचं लग्न होईपर्यंत नको. मग "अभ्यासाला शांतता" या अर्जावर खोली बदलली. रेक्टरांनी कारणही विचारलं नाही. नवीन खोलीतला मुलगा एलएलएमचा, परीक्षांच्या तयारीत, रात्री दोनपर्यंत दिवा चालू ठेवतो. आमच्या मुलाची आता तेवढीच तक्रार आहे.

गोपनीयतेचा आदेश सरांपुढे ठेवला, आस्थापना साहेबांच्या शब्दांत. सर दोनदा वाचून म्हणाले, "यात तर काहीच नाही," आणि सही केली. नंतर चष्मा काढून म्हणाले, "मॅडम, तुम्हाला वाटतो तितका भोळा मला समजू नका." मी गप्प बसले. नाव विचारणं मात्र त्या दिवसापासून बंद आहे.

फलकाचं अडलं. दुरुस्तीचा मराठी मजकूर टाइप करून नेला तर शिपाईमामांनी विचारलं, "मॅडम, लैंगिक कल म्हंजी काय?" मी सांगितलं. ते म्हणाले, "मग असं लिवा की पोरांना कळंल." आता प्रश्न असा की यूजीसीच्या मजकुराखाली सोप्या मराठीत दोन ओळी जोडल्या तर ते कॉलेजचं स्वतःचं लिखाण होईल आणि पुन्हा समितीत जाईल. विधी सेवा केंद्राचा फलक वेगळा आहे, तो माझ्या ताब्यात आहे आणि त्यावरच्या पत्रकांना कोणाची परवानगी लागत नाही. तिथे लावायचा विचार आहे. वकीलसाहेब, त्या दोन ओळी तुम्ही लिहून द्याल का? सतरा-अठरा वर्षांच्या, खेड्यातून आलेल्या मुलाला कळतील अशा. खाली हेल्पलाइन म्हणून कोणाचा नंबर द्यावा तेही सांगा. पुण्यात समपथिक ट्रस्ट आणि मुंबईत हमसफर ट्रस्ट ही नावं मला माहीत आहेत, पण मराठीत फोन उचलणारं कोणी हवं.

क्रमांक ४७, सोमवारपासून तिन्ही वर्गांची हजेरी क्रमांकाने घेते आहे. निम्म्या मुलांना स्वतःचा क्रमांक पाठ नाही.

खालचं_कोर्ट

दोन ओळी रात्री पाठवतो, आज कोर्टाचा बोर्ड, म्हणजे खटल्यांची यादी, मोठा आहे. संस्थांना नंबर छापण्याआधी स्वतः फोन करून बघतो, कोण उचलतं आणि कुठल्या भाषेत बोलतं ते. पत्रक भिंतीवर डोळ्यांच्या उंचीला लावू नका. मुलगा तिथे थांबला की मागून येणाऱ्याला लगेच कळतं काय वाचतोय. वेळापत्रकाच्या शेजारी लावा, तिथे सगळेच थांबतात.